चेलोची खालची तार

समोरच्या मंगल कार्यालयाने जनरेटर बंद करायला नकार दिला, तेव्हा पावणेअकरा वाजले होते. वीज गेलेली, आत लग्न. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे पाऊण तास होता आणि रचना पंचवीस मिनिटांची.

ठिकाण किन्हवली, शाळेचा हॉल. काम स्ट्रिंग क्वार्टेटच्या ध्वनिमुद्रणाचं. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हिओला आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा, खालच्या स्वरांचा चेलो. चौघेही नौदलाच्या बँडमधून निवृत्त. चेलोवादक विलास भेरे किन्हवलीचेच. नोकरीत असताना त्यांचं जहाज ब्राझीलच्या एका बंदरात थांबलं होतं. तिथल्या लोकनृत्यात गळ्यात अडकवून वाजवायचा मोठा ढोल त्यांनी ऐकला. निवृत्तीनंतर त्यांनी ही रचना लिहिली. साचा पाश्चात्त्य शास्त्रीय, चार भागांचा. चाली तिकडच्या खेड्यांतल्या. शेवटच्या भागात चेलोवादक गज खाली ठेवतो, सर्वांत जाड तार बोटाने छेडतो आणि चेलोचा ढोल होतो.

विलासदादांना कंपवात होता. गोळी लागू पडली की हात तासभर स्थिर राहायचा. तो तास दर महिन्याला आखडत होता आणि आता पाऊण तासावर आला होता. हात आहे तोवर रचना एकदा नोंदली जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मी बरीच वर्षं वृत्तवाहिनीत ध्वनिमुद्रक होतो. भाषणं, मुलाखती, मोर्चे. मागे घरघर आली की रेकॉर्डरवरचं लो-कट दाबायचं, ही तिथली सवय. हे बटण खालचे आवाज गाळतं. माणसाचं बोलणं त्याच्या वर असतं, त्यामुळे बातमीचं काही बिघडत नाही. मी बटण दाबलं. हेडफोनमधला जनरेटर नाहीसा झाला.

तीन भाग झाले. चौथ्याआधी विलासदादांनी जाड तार छेडून विचारलं, "खालची येतेय ना रे?"

"येतेय, दादा."

मी चेलोपासून चार फुटांवर, त्याच लाकडी स्टेजवर बसलो होतो. तारेची थरथर फळ्यांमधून पायात येत होती. तिला मी हेडफोनमधला आवाज समजलो.

चौथा भाग एका टेकमध्ये झाला. ठोका एकही चुकला नाही. पहिलं व्हायोलिन वाजवणारे मुरबाडचे नाईक बँडमध्ये त्यांचे सीनियर. ते म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदा टाइमात वाजवलंस." विलासदादा हसले.

शहापूरला घरी येऊन स्पीकरवर ऐकलं. बाकीची तिन्ही वाद्यं स्वच्छ. ढोलाच्या जागी तारेला बोट लागल्याची टिकटिक. खालचा आवाज वाढवला की जनरेटर वर येई, ढोल येत नसे. दोन दिवस प्रयत्न केला आणि मग किन्हवलीला गेलो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उजवा हात मांडीखाली दाबून म्हणाले, "ढोल नाय यात."

मी बटणाचं सांगितलं. चूक माझी, तुमची नाही, असंही सांगितलं.

"मला बरं वाटावं म्हणून नको सांगू रे."

नाईकांना फोन लावून दिला. सगळे ठोके लागले होते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. फोन परत देताना विलासदादा म्हणाले, "हा बी तसाच."

महिन्याने तोच हॉल पुन्हा मिळाला. वीज होती, समोर लग्न नव्हतं, लो-कट बंद होतं. गोळी लागू पडायची दीड तास वाट पाहिली. बोट तारेवर नेमकं पडलं नाही. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी चेलो आडवा ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "तवापन असंच झालं असंल."

त्यानंतर त्यांनी चेलो वाजवलेला नाही.

आता मी आधी दोन मिनिटं नोंदवून घेतो आणि हॉलबाहेर जाऊन ऐकतो. मगच काम सुरू करतो. याला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी तेवढी होती.