लांब बाही

हडपसरच्या चंपाबाई आयटी पार्कातल्या सफाई कामगारांचे गणवेश शिवत. त्यांची मुलगी कल्याणी जन्मली तीच डाव्या हाताला अंगठा नसलेली. लोकांची तोंडं शिवता येईनात, म्हणून चंपाबाईंनी तिच्या प्रत्येक फ्रॉकची डावी बाही वीतभर लांब शिवली. सहा वर्षं हेच शहाणपण चाललं. शेवटी शाळेतल्या बाईंनी दोघींना दवाखान्यात नेलं.

"इतकी वर्षं काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. चंपाबाईंनी कल्याणीची बाही आणखी खाली ओढली.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून शेजारचं बोट सरकवून त्याचा अंगठा केला. पट्टी सुटायच्या दिवशी चंपाबाईंनी हौसेनं आखूड बाह्यांचा फ्रॉक शिवून तिला घातला.

"उचल बरं हा फुटाणा," डॉक्टर म्हणाले.

कल्याणीनं नव्या अंगठ्याच्या चिमटीत आईचा पदर पकडला आणि हात त्यात लपवला.