विहिरीकडची निम्मी बाग

सासऱ्यांचे गुडघे गेले त्या वर्षी केळीची बाग कोणी बघायची, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या ताटावर येऊन बसला. नवऱ्याची नोकरी नेपानगरला, रोजची जा-ये. मी बऱ्हाणपुरात शिक्षिका. खकनार रस्त्यावरचं दोन एकर शेत बटाईने करायला तिकडचा एक ओळखीचा शेतकरी तयारच होता. सासरे जवळजवळ हो म्हणाले होते.

"मी बघते," मी म्हणाले.

सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. "सूनबाई, शाळेत घंटा वाजली की पोरं वर्गात येतात. केळीला घंटा ऐकू येत नाही."

"एक वर्ष द्या, बाबा."

"एक वर्षाचं पीक कोणीही काढतं. रोपं आणली, ठिबक लावलं, खत सोडलं, घड आला. माणूस कळतो तो पिलबागेत. आखाजीला येऊन बघीन. पुढच्या सालाची पिलं बुडाशी उभी दिसली तर बाग तुझी. नाही तर त्याला देऊन टाकीन."

आमच्याकडे शेताचे सालाचे करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतात, म्हणून ती मुदत. आणि पिलबाग म्हणजे दुसऱ्या वर्षाची बाग. केळीचं झाड एकदाच घड देतं. त्याच्या बुडाशी जी पिलं फुटतात त्यांतलं एक राखायचं, बाकीची कापायची. राखलेल्या पिलावर पुढचं पीक येतं. मला हे पुस्तकी ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेल असं मला वाटत होतं.

मी याद्या करणारी बाई आहे. शाळेचं वेळापत्रक बारा वर्षं मीच लावते. परीक्षेच्या पर्यवेक्षणापासून घरच्या गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्याच्या तारखा माझ्या वहीत असतात. बागेसाठी मी नवी वही केली. दोन रविवार प्रशिक्षणाला बसले, प्रश्न विचारून समोरच्याला दमवलं आणि बारा महिन्यांचा तक्ता आखला. जुलैत लागवड, मग खतं, मग पिलं काढणं दर पंधरा दिवसांनी, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं मार्चच्या मध्यावर, आणि त्याच तारखेला 'एक पील राखणे'. नवरा तक्ता बघून म्हणाला, "छान. ह्यात ढगांची सही कुठे घ्यायची?"

मी हसले नाही. कामाला लागले.

सकाळी सहाला स्कूटीवर निघायचं, पाऊण तास बागेत, साडेसातच्या आत परत, मग शाळा. बागेत कामाला डोईफोडिया गावाकडच्या पाच बाया यायच्या. त्यांची पुढारी माझ्याच वयाची, बारीक, ताठ, कमरेला कायम विळा. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या केळीत गेलं होतं. मी तिला दर सोमवारी आठवड्याची कामं वाचून दाखवायची. ती ऐकायची आणि शेवटी विचारायची, "झालं का मॅडम? मंग आता झाडं बघू का?"

पिलं कापली की पुन्हा फुटतात, हे ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं. एकच काम महिन्यातून दोनदा करणं मला पटेना. मी छोट्या पहारी करून आणल्या आणि पिलाचा कोंबच खोदून काढायचा असं ठरवलं. पिलं कमी फुटायला लागली. मी खूश. बायांचा वेळ वाचला, तो मी घडांना टेकू देण्याच्या तयारीला लावला. वहीत त्या ओळीसमोर दोन बरोबरच्या खुणा केल्या होत्या, एवढी मला त्या पहारींची ऐट होती.

फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात ती पुढारी बाई विहिरीजवळ मला अडवून म्हणाली, "मॅडम, निसवायला लागलं. आता पहार बंद करा. येक येक पील राहू द्या."

मी वही काढली. "अजून सव्वा महिना आहे. आत्ता पील ठेवलं तर घडाचं अन्न खाईल."

"घड आला ना बाहेर. दिसत नाही का?"

"दहा-वीस झाडांचा आला असेल. सगळ्या बागेचं एका दिवशी करू. तारीख ठरलेली आहे."

"झाडाला सांगितली का तारीख?"

बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. मी म्हणाले, "लिहिलंय तसं करा," आणि स्कूटीला किक मारली. पहिला तास माझा होता.

मार्चच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे मी पिलं निवडायला गेले, तेव्हा विहिरीकडच्या ओळींत निवडायला काही नव्हतं. ओळीमागून ओळ वाकून बघितली. मोठी, डौलदार झाडं, गळ्यात घड, आणि बुडाशी नुसती उकरलेली माती. कुठे एखादं बोटभर कोंब, ते आखाजीपर्यंत काय वाढणार, आणि वाढलं तरी बाकीच्यांच्या मागे पडणार. मी त्या दिवशी शाळेत रजा टाकली. बारा वर्षांत ठरवून न घेतलेली ती माझी पहिली रजा.

बाई आली तेव्हा मी बांधावर बसले होते.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "बाग गेली माझी."

तिने विळ्याच्या मुठीवरची माती खरवडली. मग म्हणाली, "रागावू नका मॅडम. रस्त्याकडं चला."

रस्त्याकडच्या निम्म्या बागेत मी महिनाभर गेलेच नव्हते. स्कूटी बांधावरून थेट विहिरीपर्यंत न्यायची, माझी पाहणी तिथून सुरू व्हायची आणि निम्म्यात वेळ संपायचा. तिथे वाळल्या पानांच्या खाली प्रत्येक खोडाशी एक एक पील होतं. गुडघ्याएवढं, कुठे मांडीएवढं.

"हे कसं?"

"तुम्ही शाळेत गेल्या की मी बायांना सांगायची, हिकडं पहार नाही लावायची. तिकडं तुम्ही रोज बघायच्या, तिकडं तुमचं ऐकलं. हिकडं झाडाचं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मी तिच्याकडे शिकले. वही घरी ठेवून यायचे आणि संध्याकाळी आठवून लिहायचे. पातळ, तलवारीसारख्या पानाचं पील जोरकस. रुंद पानाचं दिसायला गुटगुटीत पण मुळाचं कच्चं. घड ज्या बाजूला वाकलाय त्याच्या उलट बाजूचं राखायचं. शेजारच्या झाडाच्या पिलाशी ओळ जुळली पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षी ठिबकची नळी एकीकडे आणि झाड दुसरीकडे. जिथे दोन पिलं राहिली होती तिथे तिने मला निवडायला लावलं. पहिल्या दहांत माझी सहा चुकली. "हे काहून?" ती विचारायची, आणि कारण सांगता आलं नाही की माझा हात बाजूला करायची. वर्गात मुलांना मीही तसंच करते, पण तो हात माझा असला की कसं वाटतं ते ठाऊक नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नवऱ्याने सासऱ्यांना गाडीतून आणलं. गाडी अर्थातच रस्त्याकडे थांबली. सासरे काठी टेकत पहिल्या ओळीत शिरले, पानं काठीने सारून बघत गेले; मी आणि पुढारी बाई मागे. पाच ओळी झाल्यावर थांबले.

"पील चांगलं राखलंस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं स्वच्छ कौतुक मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते मागे वळायला लागले. गुडघे दुखत होते, ऊन चढलं होतं. मी गप्प राहिले असते तर बाग माझी होती.

"बाबा, हे माझं काम नाही," मी म्हणाले. "हे हिने माझ्या नकळत राखलं. माझं काम विहिरीकडे आहे. चला."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चालत्या गाडीचं दार उघडलंय. पण सासरे आले. उकरलेल्या एका बुडाशी त्यांनी काठीचं टोक खुपसून बघितलं.

"पहारी कोणाची अक्कल?"

"माझी."

"आणि ही बोलली नाही तुला?"

"बोलली. मी ऐकलं नाही."

त्यांनी त्या बाईकडे मान वळवली. "आता ऐकते का?"

"ऐकते," ती म्हणाली. "प्रश्न लई विचारते, पण ऐकते."

सासरे विहिरीच्या कठड्यावर बसले, पाणी प्यायले. मग हिशोबी आवाजात म्हणाले, "निम्मी बाग त्या शेतकऱ्याला बटाईने देतो. निम्मी तू कर. कोणती पाहिजे ते तू सांग."

रस्त्याकडची घेतली तर वर्षभराने घड हातात. विहिरीकडची घेतली तर आहे ते पीक काढून झाल्यावर खोडं उपटायची, जमीन पालटायला मधे दुसरं काही पेरायचं आणि मग पुन्हा खड्ड्यापासून सुरुवात. तयार बाग मिळाली तर बटाईदाराला आनंदच झाला असता, आणि मला ती पुढे चालवता आली असती की नाही, याची मला खात्री नव्हती. ती मी उभी केलेली नव्हती. मला जे येत नाही ते सगळं विहिरीकडे होतं.

"विहिरीकडची," मी म्हणाले. "आणि ही बाई माझ्याकडे राहील. तिला विचारा."

"मला काय विचारता," ती म्हणाली. "पहारी आधी भंगारात घाला, मंग बघू."

सासऱ्यांनी तिथेच बसून बटाईदाराला फोन लावला. मी सूतदोरीचं बंडल काढलं, एक टोक तिच्या हातात दिलं आणि निम्म्यावर बांध कुठून घालायचा ते आम्ही मोजायला लागलो.