दहाच्या आधीचं चिन्ह

चष्म्याच्या दुकानामागे जिन्याखाली एक खोली होती. तिथे ती काचा घासायची. एक फिरतं चाक, त्यावर ठिबकणारं पाणी, आणि नखांत कायम पांढरा लगदा. नवरा गेल्यावर हे काम धरलं आणि मुलीला त्यावरच वाढवलं. मालक गिऱ्हाइकांना म्हणायचे, "आमच्या बाईंच्या पोटात इतकी काच गेलीय, एक दिवस आरपार दिसायला लागतील." ती हसायची.

चष्म्याचा नंबर विचारला की लोक नुसतंच 'चार', 'अडीच' असं सांगतात. प्लस की मायनस ते कुणी सांगत नाही. बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. तिचं त्यावाचून अडत नसे. जुन्या चष्म्यावर अंगठा फिरवला की तिला कळायचं. काच मध्ये फुगीर असली तर प्लस. मध्ये पातळ आणि कडेला जाड असली तर मायनस.

त्या दुपारी मालक जेवायला गेले होते, म्हणून फोन तिने घेतला. एक बाई बोलत होती. सासरे म्हातारे, पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचा चष्मा रस्त्यात पडून गाडीखाली आला, पार चुरा झाला.

"फ्रेम साधीच घाला. नंबर दोन्ही डोळ्यांचा दहा."

"दहा. परवा या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चाकावर दुसऱ्या कुणाची काच अर्धी घासलेली होती.

आजवर तिच्या हातून गेलेले दहा नंबरचे चष्मे बहुतेक सगळे मायनस होते. तिने मायनसचं पाकीट फोडलं. पूर्वीच्या पद्धतीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, डोळ्यात भिंगच न उरलेल्या माणसांना प्लस दहा लागतो, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी डोक्यातच आलं नाही.

चष्मा देताना मालक सुनेला नेहमीसारखंच म्हणाले, "दोनचार दिवस धूसर वाटेल. सवय होईल."

कंपाउंडरांना धूसरसुद्धा दिसेना. चष्मा काढला की उलट जरा बरं वाटायचं. पण सून रागवायची, "बाबा, काढून ठेवलात तर सवय कशी व्हायची?" ते मुकाट्याने परत घालायचे. घालूनच जिना उतरताना त्यांचा पाय चुकला. खुब्याचं हाड मोडलं.

सून दुकानात आली ती चष्म्याची वाकलेली काडी सरळ करून घ्यायला. मालकांनी चष्मा मागच्या खोलीत पाठवला. तिने सवयीने अंगठा फिरवला. मध्ये पातळ. कुणाचा चष्मा म्हणून विचारायला ती बाहेर आली, आणि म्हातारे कसे पडले ते सून मालकांना सांगत होती ते तिने ऐकलं.

"त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे का?"

"झालंय की. फार वर्षं झाली. का?"

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही आत जा."

ती गेली नाही. "काच उलट्या नंबरची बसलीय. प्लस हवी होती, मी मायनस घातली."

"पण मी दहाच सांगितलं होतं," सून म्हणाली.

"दहाच सांगितलंत. पुढचं मी विचारायला हवं होतं."

सुनेने काउंटरला धरलं. मग म्हणाली, "ते काढत होते हो. मीच घालायला लावत होते."

त्या संध्याकाळी मुलगी गणिताचं पुस्तक घेऊन आईजवळ बसली. "आई, केवलमूल्य म्हणजे काय? आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारल्या की उणे सातचेही सात आणि अधिक सातचेही सातच. असं कसं?"

आईने हात पुसले. "शून्य म्हणजे चांगले डोळे, असं धर. उणे सातवाल्याला लांबचं दिसत नाही, अधिक सातवाल्याला जवळचं. पण दोघंही शून्यापासून सारखेच लांब. सात घरं. किती लांब एवढंच त्या रेघा सांगतात."

"आणि कुठल्या बाजूला?"

"ते नाही सांगत. ते विचारावं लागतं."

"सोप्पंय की!" मुलगी म्हणाली आणि भराभर गणितं सोडवायला लागली. आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

प्लस दहाची काच मागवून तिने चष्मा केला आणि हॉस्पिटलमध्ये गेली. कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कोण आहोत, काय केलं, ते तिने सांगितलं. मग तिने चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला तसे ते आधी पंख्याकडे, मग सलाइनच्या बाटलीकडे, मग तिच्याकडे पाहत राहिले.

"मला वाटलं, डोळेच गेले," ते म्हणाले. "घरात बोललो नाही. आणखी एक खर्च निघाला असता." थोड्या वेळाने म्हणाले, "फार दमलेली दिसतेस गं."

पडून राहिल्याने खुब्याचं दुखणं छातीपर्यंत गेलं, न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून ते घरी आलेच नाहीत.

मालकांनी तिला काढून टाकलं. गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दुकानांतही ही गोष्ट तिच्या आधी पोचली होती. आता ती एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. मुलगी गणितात पहिली आली. शाळेतून धावत येऊन तिने सांगितलं, आणि आईने इस्त्री बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं.

सून कधीमधी बाजारात समोर येते. दोघी थांबतात. बोलण्यासारखं काही नसतं, आणि चटकन निघूनही जाता येत नाही. मग दोघींतली एक जण पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि चालायला लागते.