बोटीतून दिसला आमचा वाल

ग्रुपवाल्यांनो, आज बदलापूरला बिल्डरची फ्री बोट राइड होती. नदीकाठी काय काय बनणार ते दाखवतात. मी पण बसले.

बेलवलीच्या पुढे आमचं वालाचं शेत आलं. माईकवाला बोलला, "ही जंगली झाडी साफ होणार, इथे जॉगिंग ट्रॅक!"

झाडी? डोळे फुटले काय? आम्ही जमीन विकलेली पण नाय. आई तिथेच शेंगा तोडत होती. तिने हात हलवला.

माईकवाला बोलला, "बघा, लोकल लोकं पण किती खुश!" सगळ्यांनी फोटो काढले.

माझं चारचौघात तोंड उघडत नाय, शाळा पण त्यातच सुटली. म्हणून इथे लिहिते. आई तुमच्या ट्रॅकवर खुश नव्हती. बोटीत तिला तिची पोरगी दिसली होती.

बोटीत होते त्यांनी सांगा, तुम्हाला पण झाडीच दिसली?