फोटोतला घोडा

कोबेहून ट्रेनने दोनेक तासांवर, डोंगराच्या पायथ्याशी, माझ्या जपानी सासऱ्यांचं गवती छपराचं घर होतं. नव्वदच्या दशकात दर ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाला, आम्ही तिथे जायचो. पुढच्या खोलीत त्याच घराचा शंभरेक वर्षांपूर्वीचा फोटो होता. सासरे तो येईल त्याला दाखवायचे. पांढऱ्या भिंतींचं धान्याचं कोठार, अंगणात मधोमध बसलेले नवऱ्याचे खापरपणजोबा, दोन्हीकडे त्यांचे दोन मुलगे आणि शेजारी रुबाबात घोडा. बाई एकही नाही.

मी पुण्याची, जीभ कुठली आवरतेय! "घोड्याला जागा आहे आणि बायकांना नाही?"

"तिघांचा फोटो काढला की मधला लवकर जातो, असं मानायचे तेव्हा," सासऱ्यांनी समजावलं. "म्हणून चौथा घोडा."

घ्या! तीन तिगाडा, काम बिगाडा आमच्याकडेही म्हणतात, पण चौथा शोधायला कुणी तबेल्यात जात नाही. "मग बायका कुठे होत्या?"

"आत," सासूबाई चहा ओतत म्हणाल्या. "फोटोग्राफरला जेवायला कोण घालणार?" त्या हसल्या, मला मात्र हसू येईना. जन्मभर त्या घरात राबलेल्या या बाईचा अंगणातला एकही फोटो नव्हता. अल्बम धुंडाळले होते मी.

त्या वर्षी छपरावर पत्रा चढणार होता. त्याआधी अगदी तस्साच फोटो हवा, म्हणून सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला आणि दिराला अंगणात उभं केलं, कॅमेरा माझ्याकडे दिला आणि स्वतः मधे स्टुलावर बसले. बसले आणि चपापले. पुन्हा तिघेच! त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, जरा ये. इथे कडेला उभी राहा."

सासूबाई एप्रनला हात पुसत दारात आल्या. शांतपणे म्हणाल्या, "घोड्याच्या जागी मी उभी राहणार नाही."

बाप रे! आता या परत आत जाणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. सासऱ्यांचा चेहरा लालबुंद. मग ते उठले, रुमालाने स्टूल पुसलं, सासूबाईंना बसवलं आणि स्वतः कडेला जाऊन उभे राहिले. दीर हळूच खिंकाळला, तर तेही हसले. त्या क्षणी म्हाताऱ्यावर असा काही जीव जडला माझा!

हसता हसताच बटण दाबलं आणि फोटो हलला. प्रिंट आली तोवर पत्रा चढला होता, पुन्हा काढायची सोय नव्हती. मी ओशाळून तो सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी उजेडाला धरून कितीतरी वेळ पाहिला.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "मी आहे ना यात."