खायचा लेप

मोसंबीवर बुरशी आली की आधी पांढरा ठिपका दिसतो. मग तो हिरवा होतो, आणि दाबलं की बोट आत जातं. लातूरला माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, फळांचं दुकान आहे, म्हणून हे मला पुस्तकात वाचायच्या आधीपासून माहीत. मी नांदेडला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फळ टिकवणारा लेप शोधायचं खूळ डोक्यात घेतलं ते अण्णासाठीच. संशोधन वगैरे शब्द नंतर चिकटले.

वर्षं गेली त्यात. तास संपले की फळं लेपात बुडवायची, पंख्याखाली वाळवायची आणि सडायची वाट बघायची. बाकीच्या बायका लोणचं मुरायची वाट बघतात, मी सडायची! कोरफड लावून झाली, डिंक झाला, दालचिनीचं तेल झालं. कशानं साल सुरकुतायची, कशाचा वास जायचा नाही. नुसता वैताग. पाय दुखायचे, आणि घरी कुणी मोसंबी सोलली तरी मला मळमळायचं.

शेवटी एक लेप जमला. बिनलेपाची फळं बुरशीनं भरली आणि लेपाची तशीच टवटवीत राहिली. मी अण्णाला फोन केला.

"पण बाई, खायला चालतंय ना?" त्यानं विचारलं.

"खायचाच लेप हाय, अण्णा! सालीसकट खाल्लं तरी काही होत न्हाई."

"मग शिवरात्रीला दुकानात हाच माल. पाठव."

पाठवला, आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मीही लातूरला गेले. माल अजून विकायला काढला नव्हता. अण्णा शेजारच्या दुकानदाराला कौतुकानं सांगत होता, "आमच्या बहिणीनं काढलंय हे. सकाळी पूजेत पहिलं फळ लिंगाला दाखवलं, मगच म्या खाल्लं." आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अण्णा पाणीसुद्धा पीत नाही.

"कशाचा लेप हाय वो हा, ताई?" शेजाऱ्यानं विचारलं.

मी वर्गात सांगते तसं सांगून टाकलं, "कोळंबीच्या टरफलापासून काढतात."

शेजारी हळूच आपल्या दुकानात निघून गेला. अण्णाचा हात गळ्याकडे गेला.

खायचा म्हणजे विषारी नाही, पोटाला अपाय नाही, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात होता. अण्णानं ऐकला तो आमच्या शाकाहारी घरातला अर्थ. मी काय परक्या घरची होते? पण माझ्यासाठी ती कधी कोळंबी नव्हतीच. बाटलीतली पांढरी भुकटी होती ती.

अण्णा ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. तो मागे जाऊन हात धुऊन आला आणि स्टुलावर बसला.

"हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई, बाई. गिऱ्हाईक विचारणार न्हाई, पण मला ठाऊक हाय ना."

"ते शुद्ध केलेलं असतंय, अण्णा! कोळंबीचं त्यात काही राहत न्हाई."

"असंल. दुसरं काही निघंल का?"

"न्हाई निघायचं," मी म्हणाले. "मी थकले, अण्णा. लई थकले." हे मी तोवर कुणापाशी बोलले नव्हते.

"मग सोड," तो म्हणाला. " फळं सडतेत तर सडू दे. आजवर सडतच होती की."

कुणीतरी मला सोड म्हणावं, याची मी किती वर्षं वाट बघत होते. आणि अण्णानंच ते म्हटलं तेव्हा जिवाला लागलं. तो मायेनं बोलला होता, म्हणून तर जास्तच लागलं.

घरी गेलो. वहिनी उद्याच्या उपवासाचा साबुदाणा निवडत होती. मी तिच्याकडून मूठभर मागून घेतला, शिजवून त्याची खळ केली आणि एक मोसंबी त्या खळीत बुडवली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता.

"पातळ झाली गं," तो म्हणाला.