मॅडमच्या कुंडीतला कचरा

आधी चहाचा कप खाली ठेवा. मी जे करून बसलो ते शहाण्या माणसाला जमणारच नाही, आणि ऐकताना हसून चहा सांडाल.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये दगड घासतो. खरंच, पगारी काम आहे. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासत राहायची. मग ती काच जाते कोलते मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

बाई म्हणजे काय चीज आहे! विंध्याच्या डोंगरातून शंभर कोटी वर्षांहून जुने दगड पिशव्या भरभरून स्वतः वाहून आणले. त्या काळी ना झाड होतं, ना मासा. होते ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांचे अवशेष या दगडांत सापडतील, एवढ्या आशेवर मॅडम तीन वर्षं डोळा लावून बसल्या. मे महिन्यात कूलर बंद पडला तरी उठल्या नाहीत. अशा बाईला गचाळ दगड कसा द्यायचा, सांगा?

आमचं कुहीकडचं धानाचं घर. तांदूळ निवडताना काळा दाणा दिसला की बाहेर, हे आमच्या हातांनाच ठाऊक. तेच मी लॅबमध्ये सुरू केलं. दगड फोडायचा, काळ्या ठिपक्यांचा तुकडा बाजूला, स्वच्छ तुकडा मॅडमना. टाकाऊ तुकडे वाया कशाला घालवायचे, म्हणून मॅडमच्याच खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत पसरले. थोड्याच दिवसांत वेलानं आणि धुळीनं ते झाकूनही टाकले.

मॅडम म्हणायच्या, "मनोहरभाऊ, तुमच्यासारखी साफ स्लाइड कोणी बनवत नाही गा." मी दिवसभर फुगून फिरायचो.

गेल्या मार्चमध्ये शेवटची पिशवी संपली. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "काहीच नाही दिसून राहिलं. बंद करू आता हे काम."

त्यांचा चेहरा बघवेना. काय करावं सुचेना, म्हणून मी निदान कुंडीतले धुळकट दगड नळाखाली धुऊन आणले. ओल्या दगडावर ठिपके चांगले उठून दिसत होते. मॅडमनी एक तुकडा उचलला.

"हे कुठून आणलं?"

"आपल्याच पिशवीतलं, मॅडम. कचरा आहे. मी निवडून बाजूले केला."

"कधीपासून निवडून राहिले तुम्ही?"

"पहिल्या दिवसापासून," मी छाती काढून सांगितलं.

मॅडम खुर्चीत बसल्या. तो तुकडा उजेडाकडे धरून फिरवत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाला शब्द सापडत नसतील.

मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी तोच काळा ठिपका तर शोधून राहिले. जीव मेला तरी त्याचा कार्बन उरते, अन् तो काळाच दिसते."

दुसरी कोणी असती तर तोच दगड माझ्या डोक्यात घातला असता. यांनी सगळे तुकडे माझ्यापुढे सरकवले आणि एवढंच म्हणाल्या, "घासा."

दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी हाक मारली आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. वाकून बघितलं, तर इवल्याशा गोल मण्यांची माळ, जणू कालच कोणी ओवलेली. मॅडमचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी घासायच्या पावडरीचं निमित्त सांगितलं.

आता कोणी पाहुणे आले की मॅडम माझी ओळख करून देतात, "यांनी ते दगड जपून ठेवले, म्हणून हे सापडलं."

मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. खरं काय ते तुम्हालाच सांगतो. त्या जिवांना शंभर कोटी वर्षं धरणीनं जपलं, आणि मी तीन वर्षं त्यांच्यावर मनीप्लांट वाढवला.